एमएस्सीनंतर बायोफिल्ममधल्या (जिवाणूंच्या चिकट थरातल्या) प्रथिनांच्या गुठळ्या आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्स यावर पीएचडी करावी का?

करा. फक्त ज्या गाईडना रेझिस्टन्स (औषधातही जिवाणू वाढतो) आणि टॉलरन्स (वाढत नाही, पण सहज मरतही नाही) एकच वाटतं, त्यांच्याकडे नको. मी केली, म्हणून सांगतेय.

माझं काम ई. कोलाय या जिवाणूच्या कर्लीवर, म्हणजे पेशीबाहेरच्या धाग्यांवर. सीएसजीए हे प्रथिन पेशीबाहेर जाऊन हे अमायलॉइड, म्हणजे गुठळी झालेल्या प्रथिनाचे, धागे बनवतं. घडण अल्झायमरमधल्या धाग्यांच्याच जातीची, पण इथे जिवाणू ते मुद्दाम विणतो. (2002 मध्येच सिद्ध झालंय, तुम्ही वाचलं असेलच.) काँगो रेड या रंगाच्या प्लेटवर कर्ली असली की कॉलनी लाल, कोरडी दिसायला हवी. माझ्या मार्चपासून मेपर्यंत फिकट आणि गुळगुळीत. सर म्हणायचे, "तुला हातच नाही." तेही ज्युनिअर्ससमोर.

शेवटी वैतागून इनक्युबेटरमध्ये साधा थर्मामीटर ठेवला. नॉब 26 वर, आत 35! डबा फक्त तापवणारा, गार करायची सोयच नाही. मे महिन्यात खोलीच तेवढी तापली तर तो तरी काय करणार? आणि आमचा स्ट्रेन त्या तापमानाला कर्ली बनवतच नाही. प्लेट थर्माकोलच्या खोक्यात घालून मायक्रोस्कोपच्या एसी खोलीत टेबलाखाली लपवल्या. 48 तासांनी वाळल्या मिरचीच्या सालीसारख्या लाल कॉलनी. तारेचा लूप लावला तर अख्खी कॉलनी पापुद्र्यासारखी वर आली. हाताबद्दल सर नंतर काही बोलले नाहीत. सॉरीही नाही.

खरं भांडण पुढे झालं. मूळ स्ट्रेन आणि सीएसजीए काढलेला म्युटंट, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा एमआयसी (वाढ थांबवणारा कमीत कमी डोस) दोघांचा सारखाच आला. फरक दिसला तो बायोफिल्ममध्ये: मूळ स्ट्रेनच्या पेशी जास्त वाचल्या. त्या वाचलेल्या खरवडून नव्याने वाढवल्या तर पुन्हा आधीच्याच डोसला वाढ बंद. हा टॉलरन्स झाला. सरांनी पोस्टरच्या मथळ्यात ‘रेझिस्टन्स’ घातलं. का, तर "लोकांना तेच कळतं." पहिल्याच माणसाने विचारलं, "एमआयसी किती पट वाढला?" सरांनी माझ्याकडे बघितलं.

म्हणून पहिल्या भेटीतच गाईडना विचारा, एमआयसी सारखा आला तर थिसिसचं नाव काय ठेवायचं? उत्तराआधी चहा मागवला तर समजा.

बाकी, पेशीच्या आतल्या गुठळ्या हा वेगळा विषय आहे. तिथे एटीपी (पेशीचं इंधन) घटतं, प्रथिनं गोळा होतात, पेशी झोपी जाते आणि औषध तिच्यावर चालत नाही. यावर 2019 मध्ये चांगलं काम आलंय. तुम्हाला नेमकं कुठलं करायचंय ते आधी ठरवा. आणि टॉलरन्समुळे पुढे रेझिस्टन्स यायला वाट मिळते, हेही 2017 मध्ये दाखवलंय, म्हणजे सर अगदीच चुकीचे नव्हते. पण त्यांनी तो पेपर वाचला नव्हता, मीच दिला होता.

बायोफिल्म मोजायला वापरतात त्या क्रिस्टल व्हायोलेट रंगाच्या आकड्यांवर विसंबू नका, मेलेल्या पेशीही जांभळ्या होतात. सीएफयू (जिवंत पेशींपासून प्लेटवर वाढलेल्या कॉलनी) मोजाच.