वडिलांना चिप बसवता येईल का?

"मॅडम, व्हिडिओत बघितली ती कातडीखालची चिप वडिलांना बसवता येईल का?" लातूरच्या एका मुलाने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. वडील पंचाहत्तरीचे, डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात. पूर्वी गंजगोलाईच्या बाजारात अडतीवर मुनीम होते. आता "दुकान उघडायचंय" म्हणून निघतात आणि वाट चुकतात. मागच्या वेळी रात्री अकराला औसा रोडवर सापडले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

हा प्रश्न मला नवा नाही. चिप बसवली की मोबाईलवर ठिपका दिसेल, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये ना बॅटरी, ना जीपीएस. नुसता एक नंबर, आणि तोही स्कॅनर अगदी जवळ धरला तरच वाचता येतो. अमेरिकेत २००४ मध्ये अशी चिप माणसांसाठी मंजूर झाली, विसराळू रुग्णांसाठी तिचा प्रचारही झाला, पण २०१० मध्ये विक्री थांबली. आता औसा रोडवरच्या चहावाल्याकडे स्कॅनर कुठून यायचा?

मुलगा हिरमुसला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले काका, म्हणजे त्याचे वडीलच, म्हणाले, "कानात बिल्लाच मार की रं. म्हशीला मारलास तसा."

मी वरमले. अर्धा तास आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलत होतो आणि मीही त्यांना काही विचारलं नव्हतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. मुनीमकाकांना तो लागू नाही, असं काही त्यात नाही.

"काका, तुम्हाला काय चालेल?"

"घड्याळ चालंल. पर दिवसभर बघत बसायचं न्हाई. आन् सुनंला दावायचं न्हाई."

मग तसंच ठरलं. सिमकार्डचं जीपीएस घड्याळ, ॲप फक्त मुलाच्या फोनमध्ये, आणि काका सांगितलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात आले नाहीत तरच बघायचं. हे त्यांच्याच हाताने वहीत लिहून घेतलं. अक्षर अजून मुनिमाचंच आहे. सदऱ्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवायचा. आणि गोलाईतल्या जुन्या शेजाऱ्यांना आजार मोकळेपणाने सांगायचा. मुलाला हे शेवटचंच जड गेलं. लोक काय म्हणतील!

तीन महिने झाले. घड्याळ चार्ज करायला मुलगाच विसरतो, अशी काकांची तक्रार आहे.