रात्री पाय वळवळतात, वडिलांना कंपवात आहे, मग मलाही पार्किन्सन्स होणार का?

आडवं झालं की पोटरीच्या आत काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय वडिलांना कंपवात, म्हणून ही धास्ती. मी डॉक्टर नाही. पण हा पायांचा त्रास, रेस्टलेस लेग्ज म्हणतात याला, मला १२ वर्षं आहे आणि सासऱ्यांना, आमच्या अण्णांना, कंपवात होता. दोन्ही एकाच घरात पाहिलंय.

मला धास्ती बसली ती एका गोळीमुळे. डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल लिहून दिली. घरी येऊन बघते तर अण्णांच्या डब्यात तीच! त्या रात्री पाय शांत होते, तरी डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढच्या खेपेला विचारलं तेव्हा उलगडा झाला. डोपामिन म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन. त्याचा संबंध दोन्हीकडे आहे, म्हणून औषध एक. पण कंपवातात मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. आपल्या या रेस्टलेस लेग्जमध्ये पेशी मरत नाहीत; मेंदूला लोह कमी पडतं आणि डोपामिनचं गणित बिघडतं. गंमत अशी की कंपवाताच्या रुग्णांत नेमक्या त्याच भागात लोह जास्त साठलेलं सापडतं. एकाच जागी कुणाकडे टंचाई, कुणाकडे साठेबाजी.

संबंध अजिबातच नाही असंही नाही. कंपवात झालेल्यांत पायांची अस्वस्थता बऱ्याच जणांना असते. अण्णांना गोळीचा असर उतरायला लागला की एका जागी बसवायचं नाही, मग ती भरदुपार का असेना. पण उलटं, म्हणजे आधी वळवळ आहे म्हणून पुढे कंपवात ठरलेलाच, याला भक्कम पुरावा नाही.

घराण्यात शोधायचंच असेल तर ही वळवळच शोधा, कारण ती पिढ्यांतून येते. माझी आई रात्री पोटऱ्यांना जुन्या लुगड्याची पट्टी आवळून झोपायची. "जरा पाय चेप गं" हे तिचं रोजचं. त्याला आजार म्हणतात हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुम्ही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, केली आहे का? माझं हिमोग्लोबिन १२.४, म्हणून सगळे निश्चिंत होते. फेरिटिन निघालं १६. या आजारात ते ७५ च्या आत असलं तर लोह देऊन बघतात, रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असलं तरी. मात्र तपासल्याशिवाय मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. मी लिंबाच्या पाण्याबरोबर घेते आणि पुढे दोन तास चहा नाही. हे दुसरं पथ्य जास्त जड जातं.

प्रॅमिपेक्सोलबद्दलही सांगते. पहिली दोन वर्षं जादू. मग रात्री दहाची वळवळ संध्याकाळी पाचला सुरू झाली, पुढे हातांतही आली. डोस वाढवला की काही दिवस बरं, मग आणखी लवकर. याला ऑगमेंटेशन म्हणतात आणि त्यामुळेच आता बरेच डॉक्टर आधी गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन देतात. माझी गोळी हळूहळू कमी करून बदलली; एकदम थांबवली असती तर हाल झाले असते.

औषधांचा डबाही डॉक्टरांपुढे उपडा करा. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी वळवळ वाढते. पित्तावरच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, ते डोपामिनचंच काम अडवतं. त्याने कंपवातासारखी लक्षणंसुद्धा दिसू शकतात आणि अशा कॅप्सूल आपल्याकडे लोक महिनोन्‌महिने घेत राहतात.

कंपवाताची चाहूल वेगळीकडे बघायची असते. अण्णांचा हात थरथरायच्या पाच-सहा वर्षं आधीपासून ते झोपेत ओरडायचे, हातपाय झाडायचे. एकदा स्वप्नात बैल हाकताना सासूबाईंना लाथ बसली. दुसऱ्या दिवशी चहाला सगळं घर हसत होतं. फोडणी करपली तरी त्यांना वास यायचा नाही, बद्धकोष्ठ जुनं, सही बारीक होत चाललेली. तेव्हा कुणी या गोष्टी एका माळेत ओवल्या नाहीत. तुमच्या शेजारी जे कुणी झोपतं त्यांना विचारा, झोपेत असं काही करता का. हो म्हणाले तर न्यूरॉलॉजिस्टना तेही सांगा. नाही म्हणाले तर उद्या सकाळी फेरिटिनसाठी रक्त देऊन या.