गाईच्या दुधाची ॲलर्जी आणि रक्ताचा रिपोर्ट

सात महिन्यांच्या बाळाला गाईच्या दुधातली नाचणीची खीर भरवली. दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. कोणती तपासणी करावी? (चिपळूण)

गाईच्या दुधाची 'स्पेसिफिक आयजीई', म्हणजे फक्त त्या दुधाविरुद्धची ॲलर्जीची प्रतिद्रव्यं (आयजीई) मोजणारी रक्ततपासणी. सगळी आयजीई एकत्र मोजणारी नुसती 'टोटल आयजीई' नको. जंत किंवा इसब असला तरी तो आकडा चढतो. २-३ मिलिलिटर रक्त पुरतं, उपाशी ठेवायची गरज नाही. ॲलर्जीचं औषध चालू असलं तरी चालतं. ते बंद करावं लागतं त्वचेवर टोचून करायच्या चाचणीसाठी. रिपोर्ट येईपर्यंत गाईचं दूध बंद. घरी पुन्हा चाखवून बघू नका. श्वासाला घरघर लागली किंवा मूल मलूल झालं तर थेट दवाखाना गाठा.

मुलगी रोज दही-भात खाते, त्रास काहीच नाही. पण दुधाच्या स्पेसिफिक आयजीईच्या रिपोर्टमध्ये ०.९ आणि पुढे 'पॉझिटिव्ह'. (देवगड)

दही चालू ठेवा. ०.३५ च्या वर गेलं की लॅब पॉझिटिव्ह लिहिते; त्याचा अर्थ इतकाच की शरीराने प्रतिद्रव्यं बनवली आहेत. पचणारा पदार्थ उगाच तोडला तर पुढे खरी ॲलर्जी होऊ शकते. लक्षणं असतील आणि आकडा दोन वर्षांखाली ५ च्या, त्यापुढे १५ च्या वर असेल, तर मात्र निदान जवळपास पक्कं. त्रास किती तीव्र होईल, हे आकड्यावरून कळत नाही.

तीन महिन्यांचं बाळ फक्त अंगावर पितं. शीमध्ये शेंब आणि रक्ताचे धागे. रक्ततपासणी निगेटिव्ह. मग ॲलर्जी नाही ना? (मालवण)

असू शकते. हा उशिरा दिसणारा प्रकार आयजीईमुळे होत नाही, म्हणून या तपासणीत सापडतच नाही. आधी डॉक्टरांकडून गुदद्वाराची चीर आणि जंतुसंसर्ग नाही ना, हे बघून घ्या. मग आईने २ ते ४ आठवडे दूध, दही, ताक, तूप, खवा, दुधाची पावडर घातलेली बिस्किटं पूर्ण सोडायची. अंगावरचं दूध तोडू नका. सोलकढी नारळाच्या रसाची असते, ती चालेल. खानावळीत ताक घालत नाहीत ना, विचारा. कॅल्शियमसाठी नाचणी, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी.

बाळ सुधारलं की आईने दूध पुन्हा सुरू करून बघायचं. रक्त परत दिसलं तरच निदान ठरतं. बहुतेक घरी हीच पायरी गाळतात आणि आई वर्षभर विनाकारण पथ्य पाळते.

शेळीचं दूध द्यावं का? (गुहागर)

नको. प्रथिनं इतकी सारखी की गाईचं न सोसणाऱ्या दहापैकी नऊ मुलांना तेही बाधतं. म्हशीच्या दुधाचाही भरवसा नाही.