बॉण्डमध्ये टाकलं की ड्युटी वाचते का?

प्रश्न : लातूरला आमचं सुक्यामेव्याचं घाऊक दुकान आहे. आजवर वाशीच्या मार्केटमधूनच माल उचलला. यंदा पहिल्यांदाच कॅलिफोर्नियाचा बदाम थेट मागवतोय, एक कंटेनर. ऑगस्टच्या मध्यावर न्हावा शेवाला लागेल. उठाव मात्र दिवाळीलाच. एजंट म्हणतो, 'बॉण्डमध्ये टाका, ड्युटी वाचेल.' हे खरं का? आणि माल तिथेच पाकिटांत भरून घेता येईल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : वाचत नाही हो, लांबते. पनवेलजवळच्या एका बॉण्डेड गोदामात मी 31 वर्षं कीपर होतो. 'वाचेल' म्हणणारे एजंट तेवढ्या काळात पुष्कळ पाहिले. त्यांच्या पार्ट्या नंतर भाड्याचं बिल घेऊन माझ्याच टेबलाशी भांडायला यायच्या.

होतं एवढंच की माल बंदरावरून ड्युटी न भरता बाहेर पडतो आणि कस्टम्सचा परवाना असलेल्या गोदामात, म्हणजेच बॉण्डमध्ये, जातो. त्यासाठी इन-बॉण्ड बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे द्यायचा कागद, भरायची. कागदाचे दिवस होते तेव्हा ही पिवळी असायची, आणि माल सोडवतानाची एक्स-बॉण्ड हिरवी. त्याबरोबर ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बॉण्ड लिहून द्यायचा. हे नुसतं हमीपत्र आहे, रोकड नव्हे, त्यामुळे तिप्पट हा आकडा पाहून घाबरू नका. काही वेळा वर बँक गॅरंटीही मागतात, ते मात्र आधीच विचारून ठेवा.

मग जसा उठाव होईल तसा माल थोडाथोडा सोडवायचा आणि जेवढा सोडवाल तेवढ्याचीच ड्युटी भरायची. साधारण मालाला मुदत एक वर्ष. बिनव्याजी दिवस मात्र 90 आणि ते माल बॉण्डमध्ये टाकायचा आदेश निघाल्यापासून मोजतात. त्यानंतर दरसाल 15 टक्के. दहा लाखांची ड्युटी अडकली असेल तर दिवसाला 411 रुपये, महिन्याला साडेबारा हजार. तुमचा आदेश 14 ऑगस्टला निघाला तर 90 दिवस 12 नोव्हेंबरला भरतात, म्हणजे दिवाळी बहुतेक बिनव्याजी पार पडते. तुमच्या बाबतीत एजंटाचा सल्ला चुकीचा नाही, फक्त कारण चुकीचं सांगितलंय.

आता खर्चाची बाजू. कंटेनर गोदामात आणायचं भाडं, उतरवायची-चढवायची मजुरी, विमा, गोदामभाडं. प्रत्येक एक्स-बॉण्डला एजंटाची फी वेगळी, तेव्हा आठ-आठ पोती सोडवत बसू नका, तीन-चार खेपांत आटपा. शिवाय बदाम आहे. ऑगस्टमध्ये पनवेलची हवा कशी असते ते लातुरात बसून कळायचं नाही. आमच्याकडे भिंतीला टेकवून लावलेल्या पोत्यांना मागून हात लावला तर ओला लागायचा. त्या हवेत बदामगर खवट व्हायला वेळ लागत नाही. शीतगोदाम असलेलाच बॉण्ड शोधा. त्याचं भाडं जास्त असतं, म्हणून 90 दिवसांचा आकडा आधी लेखी घ्या आणि तेवढ्या दिवसांच्या बँकेच्या व्याजाशी ताडून बघा. ड्युटीइतके पैसे हाताशी मोकळे असतील तर मी तरी म्हणेन, भरून टाका आणि माल लातूरला न्या. खराब होण्याजोग्या मालाची वर्षाची मुदत कमिशनर कमीही करू शकतात.

एक गोष्ट एजंट सहसा बोलत नाहीत. ड्युटीचा दर माल आणला त्या दिवसाचा नाही, एक्स-बॉण्ड भराल त्या दिवसाचा लागतो. डॉलरचा भाव मात्र इन-बॉण्डच्या दिवसाचाच राहतो. 14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या खाद्यतेलावरची ड्युटी साडेपाच टक्क्यांवरून एकदम साडेसत्तावीस झाली. ज्यांचं तेल बॉण्डच्या टाक्यांत होतं आणि एक्स-बॉण्ड भरायची राहिली होती, त्यांना नवा दर. पुढे मे 2025 अखेर तोच दर साडेसोळावर आला, तेव्हा थांबलेले फायद्यात. म्हणजे बॉण्डमध्ये माल ठेवणं हा थोडा जुगारही आहे.

पाकिटांचं म्हणाल तर, बॉण्डमध्ये माल तपासता येतो, निवडता येतो, गिऱ्हाइकाला दाखवता येतो. अर्धा किलोची पाकिटं भरणं त्यात बसत नाही, त्याला कस्टम्स कायद्याच्या कलम 65 ची वेगळी परवानगी लागते. एका कंटेनरसाठी तो खटाटोप कशाला? पाकिटं दुकानातच भरा.

आणि गोदामवाल्याला 'आज दहा पोती पाठवा, कागद उद्या करतो' असं कधी म्हणू नका. 2016 पर्यंत आमच्या दाराला दोन कुलपं होती, एक आमचं, एक कस्टम्सचं. पार्टी फारच मागे लागली की मी सांगायचो, 'साहेबांची किल्ली नाही हो,' आणि विषय मिटायचा. 2016 च्या बदलानंतर आमच्यासारख्या साध्या बॉण्डवरचं कस्टम्सचं कुलूप गेलं, राहिली ती माझी एकट्याची किल्ली आणि वही. पहिल्याच दिवाळीत एका जुन्या पार्टीचा रात्री साडेनऊला फोन : टेम्पो गेटवर उभा आहे, पिस्त्याच्या बारा पेट्या द्या. बारा वर्षांची ओळख. मी गेटपास फाडला नाही. त्यांनी पुढच्या वर्षी गोदाम बदललं. दिला असता तर ड्युटी, व्याज, दंड त्यांच्या मानगुटीवर आणि परवाना आमच्या मालकाचा गेला असता.

प्रश्न : आमचे लूमचे सुटे भाग आलेत. माल सीएफएसमध्ये (बंदरातून आलेले कंटेनर ठेवतात त्या कंटेनर फ्रेट स्टेशनात) पडून राहिला तर तोही बॉण्डसारखाच ना? तिथेही ड्युटी भरलेली नसते. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. सीएफएस म्हणजे फलाटाचा बाक, बॉण्ड म्हणजे भाड्याची खोली. सीएफएसमध्ये भाडं दिवसागणिक चढतं, कंटेनर रिकामा करून परत दिला नाही तर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचा आकार, वेगळं, आणि 30 दिवसांत सोडवला नाही तर नोटीस काढून माल विकताही येतो. बॉण्डमध्ये नेलं की कंटेनर रिकामा होऊन परत जातो आणि निदान डिटेन्शनचा मीटर थांबतो. तुमचे लूमचे सुटे भाग आहेत, ते काही खवट होत नाहीत. महिन्याभरात पैसे उभे राहणार नसतील तर आजच एजंटाला फोन करा.