बाथरूम माझं, ओल खालच्या काकांच्या छताला, मग पैसे कुणी भरायचे?

नमस्कार ताई,

तुमचं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी तुम्ही फ्लॅटमधलं बाथरूम नवीन केलंत, भिंतीच्या आतला कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा) आणि शॉवर स्वतः दुकानात जाऊन निवडलात, बसवला कॉन्ट्रॅक्टरच्या प्लंबरने, आणि आठ महिन्यांत खालच्या काकांच्या छताला ओल. काका म्हणतात माझं अख्खं बाथरूम नवीन करून द्या, सोसायटीने सात दिवसांची नोटीस काढलीय की नाहीतर खर्च मेंटेनन्सच्या बिलात लावू, प्लंबर म्हणतो माल खराब, कंपनी म्हणते फिटिंग चुकलंय, वॉरंटी विसरा. आणि बिल्डिंगचा ताबा मिळून चारच वर्षं झालीत तर बिल्डरला धरता येईल का, हा शेवटचा प्रश्न.

आधी एकच सांगतो, भिंत फोडू नका. म्हणजे फोडावी लागणारच आहे बहुतेक, पण घाईने आणि एकट्याने नको. तुमची पूर्ण केस त्या टाइलच्या मागे आहे आणि प्लंबरने ती फोडून जुना पीस भंगारात टाकला की संपलं, मग कोण खरं कोण खोटं हे कुणालाच सांगता येणार नाही.

आज काय करायचं तर त्या बाथरूमचा स्टॉप कॉक बंद करा आणि दुसरं बाथरूम वापरा. यात दोन फायदे. एक म्हणजे काकांचं नुकसान वाढत नाही, आणि नुकसान कळल्यावरही तुम्ही हातावर हात ठेवून बसलात असं उद्या कुणी म्हणणार नाही. दुसरा म्हणजे गळती कुठली याचा अंदाज येतो. पाणी बंद केल्यावर ठिबकणं थांबलं तर प्रेशरची लाइन किंवा डायव्हर्टर. लाइन चालू असताना दिवसरात्र सारखं ठिबकतं की फक्त अंघोळीनंतर, हेही काकांना विचारून ठेवा, कारण फक्त अंघोळीनंतर असेल तर संशय नहाणी ट्रॅपवर (फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर, आणि मग तुमचा डायव्हर्टर बिचारा बहुधा निर्दोष. ट्रॅप बंद करून फरशीवर रंगीत पाणी एक-दोन दिवस साठवायची टेस्ट असते, लाइनला हातपंपाने प्रेशर देऊन गेजचा काटा खाली येतो का बघायची वेगळी, दोन्ही करून घ्या, आणि करणाऱ्याकडून सहीचा कागद घ्या. तोंडी नको.

मग एक दिवस ठरवून सगळ्यांना लेखी कळवा, कंपनीचा टेक्निशियन, कॉन्ट्रॅक्टर, काका, कमिटीतलं कुणीतरी. कॉन्ट्रॅक्टर येणार नाही, मला अनुभव आहे, तरी व्हॉट्सॲपवर तारीख-वेळ टाकाच, न येणं मग त्याच्याच अंगाशी येतं. भिंत उघडताना व्हिडिओ मध्ये बंद न करता सलग घ्या. धातूच्या बॉडीलाच बारीक छिद्र किंवा चीर दिसली तर बोट कंपनीकडे जातं. पण माझ्या बघण्यात जास्त वेळा निघतं ते वेगळंच, सीपीव्हीसी पाइपांच्या (प्लास्टिकचे, गरम पाणी चालणारे) साध्या प्लास्टिक आट्यांमध्ये पितळी आटा पान्याने करकचून आवळलेला असतो (ब्रास इन्सर्टवालं, म्हणजे आत पितळी आटे बसवलेलं, फिटिंग लावायचं सोडून), चीर लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी बोलते. ते कॉन्ट्रॅक्टरचं पाप. काढलेला पीस पिशवीत घालून सील करा, तारीख लिहा, आणि कंपनी "तपासून देतो" म्हणाली तरी तिला अजिबात देऊ नका. ग्राहक आयोगाला गरज वाटली तर तो पीस लॅबमध्ये पाठवता येतो, पण पीस असला तरच ना.

आता काकांचं. हे तुम्हाला आवडणार नाही पण गळती तुमच्या बाथरूमची निघाली तर काकांना भरपाई तुम्हीच द्यायची. प्लंबर की कंपनी हा तुमचा आणि त्यांचा वाद, काकांनी त्याचा निकाल लागेपर्यंत डोक्यावर पाणी का झेलायचं? सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्येसुद्धा (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) बाहेरची कॉमन लाइन, ड्रेनेज सोसायटीच्या खर्चात आणि टॉयलेट-सिंकची आतली गळती त्या त्या फ्लॅटवाल्याच्या खर्चात, अशीच विभागणी आहे. पण भरपाई म्हणजे होतं तसं करून देणं. छताचं प्लास्टर, रंग, पडलेलं फॉल्स सीलिंग ठीक, या निमित्ताने नवीन टाइल्स आणि नवीन कमोड नाही. फोटो काढा, दोन ठिकाणची कोटेशनं घ्या, पैसे दिले की "या गळतीबद्दल पूर्ण भरपाई मिळाली" असं लिहून घ्या.

सोसायटी तपासणीला येऊ शकते, दुरुस्ती करा म्हणू शकते, तिथे दार अडवू नका. पण काकांचं नुकसान किती हे कमिटीनेच ठरवून तुमच्या मेंटेनन्स बिलात चढवायचं हे मला पटत नाही. तसं केलंच तर लेखी हरकत घ्या आणि फक्त वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकीचं बिल वेळेवर भरा, डिफॉल्टर व्हायची हौस नको. तिथून पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, पण तिथवर जाऊ नये असंच सांगेन.

काकांना दिलेलं आणि स्वतःचं तोडफोडीचं नुकसान तुम्ही ग्राहक आयोगात मागू शकता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष मालासाठी उत्पादक आणि सदोष कामासाठी कॉन्ट्रॅक्टर दोघांनाही ओढता येतं, म्हणून एकाच तक्रारीत दोघांनाही पार्टी करा, एकमेकांकडे बोट दाखवू देत आयोगासमोर. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वॉरंटी कार्डावर "आमच्याच प्लंबरकडून बसवलं तरच" असं छापलंय म्हणून घाबरू नका, गळतीचा फिटिंगशी संबंधच नसेल तर त्या ओळीत फारसा दम राहत नाही. कॉन्ट्रॅक्टरने बिल दिलेलं नाही म्हणता, हरकत नाही, यूपीआयचे व्यवहार आणि चॅट पुरावा म्हणून वापरता येतात, फक्त फोन बदलताना ते उडवू नका.

बिल्डरचं मात्र अवघड दिसतं. रेराच्या (बिल्डर-ग्राहक व्यवहारांच्या कायद्याच्या) कलम १४(३) खाली ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला दोष त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो हे खरंय, पण तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये बघा, बहुतेकांत असतं की लेखी परवानगीशिवाय बाथरूमच्या पाइपांना हात लावलात तर ही जबाबदारी गेली. डायव्हर्टरसाठी त्याच्या मागे लागू नका. टेस्टमध्ये दोष शाफ्टमधल्या (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतल्या) त्याच्या मूळ लाइनमध्ये निघाला तर गोष्ट वेगळी, मग पाच वर्षं व्हायच्या आत लेखी तक्रार गेलीच पाहिजे, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.

आणि पुन्हा बसवताना, मी वकील आहे प्लंबर नाही, पण माझ्या घरी भिंतीवरचा उघडा वॉल मिक्सर आहे. दिसायला साधा, गळला तर डोळ्यांसमोर गळतो, पान्याने उघडतो. कन्सील्डच हवा असेल तर टाइल लावायच्या आधी प्रेशर टेस्ट, पाइपांचे टेप धरून फोटो, आणि मॉडेल नंबर असलेलं पक्कं बिल.

सोसायटीच्या नोटिशीचे सातातले तीन दिवस तुमच्या पत्रातच गेलेत. "पाणी बंद केलंय, अमुक तारखेला सगळ्यांसमोर तपासणी ठेवलीय, कारण ठरेपर्यंत रक्कम मान्य नाही" इतकंच लिहा, चार ओळी, उद्या सकाळी ऑफिसात द्या आणि पोच घ्या.