नॉयश्वानस्टाइनचे फोटो कॉमन्सवर टाकायचेत

प्रश्न : मी म्युनिकला राहते. हिवाळ्यात नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचे फोटो काढले, बरेचसे खालच्या गावातल्या रस्त्यावरून, एकदोन आतल्या दालनातले मोबाईलवर. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियात वापरले जाणारे फोटो जिथे ठेवतात, तो सगळ्यांसाठी खुला साठा) टाकायला परवानगी लागते का? आणि कोणी विकू नयेत म्हणून विनाव्यावसायिक लायसन्स घेतलं तर?

उत्तर : रस्त्यावरचे बिनधास्त टाका. इमारतीचा कॉपीराइट वास्तुविशारद गेल्यावर 70 वर्षांनी संपतो, आणि या किल्ल्याचं काम सुरू झालं 1869 मध्ये, ज्याने बांधून घेतला तो राजा लुडविग दुसरा 1886 मध्येच गेला, म्हणजे त्या काळच्या वास्तुविशारदांना जाऊनही 70 वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे तो प्रश्न कधीच मिटलाय. शिवाय सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी इमारतीची बाहेरची बाजू टिपायची मोकळीक जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम 59 मध्ये आहेच, अगदी नवी इमारत असली तरी.

आतले मात्र राहू द्या. तिथे आत फोटो काढायला मनाई आहे, हा कॉपीराइटचा नाही तर जागेच्या मालकाचा नियम, आणि जर्मनीत मालकाच्या शब्दाला वजन आहे. पोट्सडॅमच्या सांसूसी राजवाड्याच्या खटल्यात 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने सांगितलं की आवारात शिरून काढलेले फोटो धंद्यासाठी वापरायचे तर मालक अडवू शकतो. बाहेर रस्त्यावर उभं राहून काढलेल्यांना हे लागू नाही.

विनाव्यावसायिक लायसन्स कॉमन्स घेतच नाही. सीसी बाय-एसए 4.0 हे क्रिएटिव्ह कॉमन्सचं खुलं लायसन्स निवडा, म्हणजे वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं आणि फोटोत बदल करून पुढे दिला तर त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. हो, उद्या कोणी कॅलेंडरवर छापून विकेलही, पण ‘विकू नका’ अशी अट नाही म्हणूनच छोटा प्रकाशक किंवा एखादी शिक्षिका कोणाला न विचारता तो फोटो पुस्तकात घेऊ शकते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. फक्त दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही, तेव्हा नीट ठरवून द्या.

फोटो मूळ साईजमध्ये टाका, वॉटरमार्क नको, तारीख आणि कुठून काढला ते लिहा, आणि वर्णन मराठीतही द्या, प्लीज! जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या एकाच बैठकीत लुडविगचे राजवाडे आणि मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आलेत, तर गावी याल तेव्हा साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग यांचेही असेच टाका, नुसता लांबून घेतलेला एक फोटो नको, दरवाजे, बुरूज, पाण्याची टाकी, तटबंदीचं बांधकाम सगळं वेगवेगळं घ्या.