पहिला प्रश्न तुमच्याच बायोडेटातून येतो

या महिन्यात आलेल्या पत्रांत नोकरीच्या मुलाखतीबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. विचारणारे बहुतेक पहिल्या-दुसऱ्या नोकरीच्या शोधातले, खासगी कंपन्यांत जाऊ पाहणारे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. गावाचं नाव ठेवलं आहे, माणसाचं नाही.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागासाठी मुलाखत आहे. हातात आठ दिवस आहेत, तीन वर्षांची पुस्तकं पुन्हा वाचून होणार नाहीत. नेमकं काय वाचू?
— एक वाचक, संगमनेर

पुस्तकं राहू द्या, आधी स्वतःचा बायोडेटा समोर घ्या. क्वालिटीची मुलाखत घेणारा माणूस बहुधा शॉपफ्लोरवरून उठून आलेला असतो आणि तुमचा कागद तो मुलाखतीतच पहिल्यांदा वाचतो. वाचताना नजर जिथं अडेल तिथून प्रश्न निघतो. ‘मापन साधनांचं ज्ञान’ असं लिहिलं असेल, तर टेबलावरचा व्हर्नियर (बारीक माप घेणारी, सरकत्या जबड्याची पट्टी) उचलून तुमच्या हातात दिला जाईल. म्हणून प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं लिहा: यावर मला कोणते तीन प्रश्न विचारता येतील? ज्या ओळीवर एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही, ती खोडा. कॅडची (संगणकावर ड्रॉइंग काढायची) चार पॅकेजेस लिहायची आणि एकातही साधा ब्रॅकेट काढता येत नाही, असं फार वेळा होतं.

क्वालिटीसाठी पक्कं हवं ते एवढं. व्हर्नियरचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी, आणि ते का, हेही: सरकत्या पट्टीवरचे ५० भाग मुख्य पट्टीवरच्या ४९ मिमीत बसवलेले असतात. मायक्रोमीटरचं ०.०१ मिमी, कारण स्क्रूची पिच ०.५ मिमी आणि थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) ५० भाग. थिंबलच्या टोकाला रॅचेट कशाला असतं? प्रत्येक वेळी दाब सारखा पडावा म्हणून. ते न फिरवता थिंबलनंच आवळलं की माप कमी येतं. साधन हातात दिलं तर वाचायला घाई करू नका. आधी जबडे पुसा, मिटवा, शून्य पाहा. मिटलेल्या व्हर्नियरवर ०.०४ दिसत असेल, तर तेवढं मापातून वजा करायचं. शून्य न पाहता माप सांगितलं की ते बरोबर असलं तरी समोरच्याला कळतं, या हाताला सवय नाही.

मग गो-नो-गो गेज, म्हणजे आकडा न वाचता पार्ट मापात आहे की नाही ते सांगणारं साधन. २० एच-७ भोक म्हणजे २०.००० ते २०.०२१ मिमी. भोकात घालायच्या प्लग गेजची गो बाजू २०.०००ची, ती आत गेलीच पाहिजे. नो-गो २०.०२१ची, ती जाता कामा नये. हे उलटं सांगणारे खूप असतात, कारण भोकाचा आणि शाफ्टचा घोळ होतो. शाफ्टसाठीच्या गेजमध्ये गो म्हणजे शाफ्टचं सर्वांत मोठं चालणारं माप. ‘धातू जास्तीत जास्त असलेली हद्द म्हणजे गो’ असं लक्षात ठेवलं की दोन्हीकडे चुकत नाही.

ड्रॉइंगमध्ये फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती) यांची खूण ओळखता यावी. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. खूण न पाहता वाचलं तर डावी बाजू उजवी होते. सात क्यूसी टूल्सची (गुणवत्ता राखायच्या साधनांची) नावं सगळेच पाठ करतात. त्यातला पॅरेटो (दोष मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलेला आलेख) आणि फिशबोन (कारणं शोधायची, माशाच्या सांगाड्यासारखी आकृती) कागदावर काढून दाखवता आला, तर बाकीच्या पाचांबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

एक प्रश्न मात्र फिरून फिरून येतो: ‘पार्ट मापात नाही आणि सुपरवायझर म्हणतो जाऊ दे, पाठव. काय कराल?’ इथं बाणेदार भाषण नको, क्रम सांगा. साधनाचं शून्य आणि कॅलिब्रेशनची तारीख बघेन, पुन्हा मोजेन. माप तरीही बाहेरच असेल तर पार्ट लाल बिनमध्ये ठेवून टॅग लावेन. शेवटचा बरोबर ठरलेला नग कुठला ते नोंदीत पाहून त्यानंतरचे सगळे नग अडवेन, आणि वरिष्ठांना लेखी कळवेन. ‘त्यानंतरचे सगळे नग अडवेन’ हे वाक्य फ्रेशरच्या तोंडून क्वचित येतं.

उरला प्रोजेक्ट. तो चौघांचा असतो, प्रश्न असतो ‘यात तुम्ही काय केलंत?’ मोटर किती वॅटची, तीच का घेतली, एकूण खर्च किती आला, काय बिघडलं, ही चार उत्तरं तयार नसतील तर प्रोजेक्ट आयता आणला असं धरलं जातं.

मी बी.कॉम. आहे. अकाउंट्सचं काम येतं, टॅलीचा कोर्स केला आहे. पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की इंग्रजी अडकतं आणि पुढचं सगळं बिघडतं. पाठ करून जावं का?
— एक वाचक, लातूर

पाठ करू नका. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तुमच्याबाबतीत हेच होत असावं. उत्तर साठ ते नव्वद सेकंदांचं हवं. त्याचे फक्त चार मुद्दे ठरवा: शिक्षण आणि वर्ष, येणारं काम, त्या कामाचं एक उदाहरण आकड्यासह, ही नोकरी का. वडिलांचं नाव, भावंडं, ‘माय हॉबी इज लिसनिंग टू म्युझिक’ यातलं काहीही नको.

तिसऱ्या मुद्द्यावर जोर द्या. ‘टॅली येतं’ याला वजन नाही. ‘कोर्समध्ये एका किराणा दुकानाच्या तीन महिन्यांच्या विक्री-खरेदीच्या नोंदी केल्या, बँक रिकन्सिलिएशन केलं, जीएसटीआर-१साठी यादी काढली’ याला आहे. अर्थात केलं असेल तेवढंच. पुढचा प्रश्न तिथूनच येतो: जीएसटीआर-१ आणि ३-बी या जीएसटीच्या विवरणपत्रांत फरक काय? पहिल्यात विक्रीचा बिलवार तपशील, दुसऱ्यात गोषवारा आणि कर भरणा. बँकेचं पासबुक आणि आपली कॅशबुक यांची शिल्लक का जुळत नाही, याची दोन कारणंही हाताशी ठेवा: न वटलेला चेक आणि बँकेनं परस्पर कापलेले चार्जेस. म्हणजे पुढची दहा मिनिटं तुम्हाला येणाऱ्या विषयावर जातात, आणि तिथं इंग्रजी आपोआप सुधारतं, कारण डेबिट, क्रेडिट, व्हाउचर हे शब्द रोजचेच असतात.

सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून करा, रोज तीन वेळा, दर वेळी वेगळ्या शब्दांत. ऐकताना व्याकरण शोधू नका, वेग ऐका. घाबरलेला माणूस भरभर बोलतो. आणि अडलंच तर ‘कॅन आय एक्स्प्लेन धिस इन हिंदी ऑर मराठी?’ असं विचारायला हरकत नाही. अकाउंट्सच्या जागेसाठी बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. कॉल सेंटरच्या जागेसाठी म्हणणार नाहीत, तिथं भाषा हेच काम आहे.

एमपीएससीच्या तयारीत पुण्यात साडेतीन वर्षं गेली. आता खासगी नोकरी करायची आहे. ही वर्षं बायोडेटात कशी दाखवू? एक ओळखीचे गृहस्थ अनुभवाचा दाखला द्यायला तयार आहेत.
— एक वाचक, बार्शी

दाखला घेऊ नका. नीतीचं बाजूला ठेवू, व्यवहारानंच पाहा. मध्यम-मोठ्या कंपन्या निवडीनंतर पडताळणी करतात. सॅलरी स्लिप, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) मागतात आणि त्या क्रमांकावर नोकऱ्यांच्या तारखा दिसतात. दाखला आहे पण पीएफही नाही आणि बँकेत पगारही नाही, एवढ्यावर ऑफर रद्द होते. कधी कधी रुजू झाल्यावरसुद्धा.

सरळ लिहा: ‘जून २०२१ ते डिसेंबर २०२४: राज्यसेवा परीक्षेची तयारी’, तारखा तुमच्या घाला. पूर्व परीक्षा पास झाला असाल तर तेही. महाराष्ट्रात मुलाखत घेणाऱ्याला हे नवं नसतं. त्याच्या घरातही एखादा भाचा अभ्यासिकेत बसलेला असतो. त्याला गॅप खटकत नाही. त्याची भीती वेगळी असते: पुढची जाहिरात आली की हा सोडून जाणार का? म्हणून तो प्रश्न यायच्या आधीच उत्तर द्या. ‘अमुक प्रयत्नांनंतर थांबायचं ठरवलं, यापुढं फॉर्म भरणार नाही.’ हे खरं असेल तरच म्हणा. अजून एक प्रयत्न बाकी असेल, तर सहा महिन्यांचं प्रशिक्षण असलेली जागा घेऊ नका. दोघांचंही नुकसान आहे.

‘त्या वर्षांत काय शिकलात?’ याला ‘संयम आणि सातत्य’ हे उत्तर सगळेच देतात आणि ते कोणीच लिहून घेत नाही. त्यापेक्षा आत्ताच्या जागेला लागणारं काहीतरी दाखवा. महिनाभर एक्सेल शिका: व्हीलुकअप, पिव्होट टेबल, सम-इफ. मुलाखतीत फाइल उघडून द्यायची वेळ येते, तेव्हा हात चालला पाहिजे.

‘पॅकेज ३.६० लाख’ सांगितलं आहे. म्हणजे महिना ३० हजार हातात येतील ना?
— एक वाचक, जळगाव

नाही. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला पडणारा तुमचा एकूण खर्च. महिन्याचे ३०,००० धरा आणि बेसिक त्याच्या निम्मा, १५,००० समजा. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्के, साधारण ७२२. हे दोन्ही सीटीसीत मोजतात, पण महिन्याला मिळत नाहीत. राहिले २७,४७८. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात २५,४७८. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० असतो.

आता सीटीसीत दहा टक्के ‘व्हेरिएबल’ असेल, तर महिन्याचे ३,००० आणखी वजा करा: २२,४७८. फसगत इथंच होते, कारण व्हेरिएबल वर्षाअखेर, कामगिरीवर, आणि पूर्ण मिळेलच असं नाही. ग्रुप विम्याचा हप्ता, कँटीन, बस यांची कपात वेगळी. म्हणून एचआरला तीनच गोष्टी विचारा: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि कधी मिळतं, महिन्याला खात्यात किती जमा होईल. हे विचारणं उद्धटपणाचं नाही. फक्त तांत्रिक फेरीत विचारू नका, एचआर फेरीत विचारा.

महिला वाचकांसाठी: महाराष्ट्रात महिन्याला २५,०००पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही. पहिल्या स्लिपमध्ये कापलेला दिसला तर लगेच कळवा.

प्रत्येक मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ विचारतात. काय बोलावं?
— एक वाचक, कोल्हापूर

विचारू नये, पण विचारतात. लग्नाची तारीख सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. प्रश्नामागची शंका बहुधा शिफ्ट, बदली किंवा रजेची असते, तेवढीच उचला: ‘जागा नाशिकची आहे, मी नाशिकला राहायला तयार आहे, पहिली आणि दुसरी शिफ्ट चालेल.’ इथं थांबा. पुन्हा तोच प्रश्न आला तर ‘त्याचा या कामावर परिणाम होणार नाही’ एवढंच. तिसऱ्यांदा आला, तर तिथलं वातावरण कसं आहे हे तुम्हाला रुजू होण्याआधीच कळलं.

आधार कार्डावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव वेगळं आहे. अडचण येईल का?
— एक वाचक, परभणी

मुलाखतीत नाही, रुजू होताना येते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. या क्रमाच्या फरकावरून सहसा कोणी अडवत नाही. पण स्पेलिंग वेगळं असेल किंवा वडिलांचं नाव गाळलं असेल, तर पीएफ खात्याची केवायसी अडते. आधार दुरुस्त करून घेणं सर्वांत सोपं, गुणपत्रिका बदलणं सर्वांत किचकट. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवा.

मूळ कागद दाखवा, ठेवून घेऊ देऊ नका. झेरॉक्सचे दोन संच, सहा फोटो, शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा, एवढं पुरतं.

गावाकडून ऑनलाइन मुलाखत द्यायची आहे, वीज कधीही जाते.
— एक वाचक, जत

वीज गेली की राउटर बंद पडतो, मोबाइलचं नेट बहुधा चालू राहतं. म्हणून वायफायऐवजी मोबाइलच्या डेटावरच बसा, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन चार्ज करून शेजारी ठेवा. एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. तुटलं तर दोन मिनिटांत फोन करा, मेल लिहीत बसू नका. खिडकीकडे तोंड करा, पाठ नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. लॅपटॉपखाली चार वह्या ठेवल्या की होतं. वायरचा इअरफोन वापरा. आणि घरात सांगून ठेवा, तासभर कुकर नको.

रेल्वेत ‘क’ गटाच्या जागेसाठी थेट मुलाखत आहे, नोंदणीचे ३,५०० रुपये यूपीआयनं भरा, असा फोन आला. भरू का?
— एक वाचक, भुसावळ

भरू नका. केंद्र सरकारनं ‘क’ गटाच्या आणि ‘ब’ गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या आहेत. जी मुलाखत होतच नाही, तिचं हे बोलावणं आहे. खासगी नोकरीतही मुलाखत, लॅपटॉप, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागणारा कंपनीचा माणूस नसतो. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तरच ती गोठवता येते.